चेलोची पट्टी

कानातली ती बोंडं काढा आधी. काढलीत? हं. आता ऐका. भुताबितांवर माझा विश्वास आहे का, असलं काही विचारू नका. चाळीस वर्षं मी वादकांसाठी नोटेशनची पानं उतरवतोय. समोर असेल तेच उतरवतो, पदरचं काही घालत नाही. हेही तसंच सांगणार आहे.

घुम्या म्हणायचो आम्ही त्याला. माझ्याखेरीज कुणाजवळ मनातलं बोलायचा नाही, म्हणून. त्याला एकच वेड. सिनेमाला संगीत द्यायचं, मोठ्या वाद्यवृंदाचं. पडद्यावर धुकं असेल तर कानालाही धुकं लागलं पाहिजे, असं. बारा वर्षं निर्मात्यांचे उंबरे झिजवले पठ्ठ्याने. मिळालं काय? साबणाच्या दोन जाहिराती. आणि त्याच्या बहिणीचा नवरा, ज्याला हा नाद यानेच लावला, त्याला पहिल्या फटक्यात अख्खा सिनेमा मिळाला!

जळला हो. अगदी जळून खाक झाला. मेहुण्याच्या तोंडावर गोड हसला आणि माझ्याकडे येऊन चहाचा कप आपटला. "काका, मी शिकवलं त्याला. मी!"

म्हटलं, "अरे, बहिणीच्याच घरात गेलं ना? परक्याच्या तर नाही?"

"म्हणून तर जास्त झोंबतंय," म्हणाला.

आणि सहा महिन्यांत मेहुणा गेला. झोपेतच. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगाचं संगीत तेवढं अर्धवट राहिलं होतं. बहिणीने याला फोन केला. "दादा, तूच पूर्ण कर. नाव दोघांचं लाव. फक्त त्याची ती चेलोची ओळ काढू नकोस. माझ्यासाठी लिहिली होती त्याने." हा म्हणाला, हो.

नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी हा बहिणीकडे पोचला. तिसरा मजला, मागची खोली, मेहुण्याचा कॉम्प्युटर. सिनेमावाल्यांना सकाळी सातला संगीत हवं होतं. बहिणीने चहाचा थर्मास ठेवला आणि झोपायला गेली. तिची झोप मोडू नये म्हणून याने स्पीकरची पिन काढली, हेडफोन चढवला.

आता तुमच्यात हा नवा आहे, त्याच्यासाठी सांगतो. खरे वादक परवडत नाहीत तेव्हा सगळी वाद्यं कॉम्प्युटरमधूनच वाजवतात. पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या, प्रत्येक वाद्याची एक. मेहुण्याच्या होत्या बेचाळीस. त्यातली एक चेलोची. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवतात ते धूड. खर्जातलं.

घुम्याने सगळं एकदा सलग ऐकलं. आणि तिथेच घात झाला, कारण ते चांगलं होतं. वाईट असतं ना, तर ती ओळ ठेवली असती याने. बहिणीचा शब्द राखला असता, वर तिच्यावर उपकार केल्याचा आवही आणला असता. पण ते फारच चांगलं होतं. बारा वर्षांत आपल्याला असं एकदाही सुचलं नाही, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं.

चेलोचा आवाज पार शून्यावर आणला. त्या जागी, आधीच्याच व्हायोलिनच्या पट्टीवर, स्वतःची चाल बसवली. फाइल तयार केली आणि ऐकली.

व्हायोलिनच्या मागे, लांब कुठेतरी... चेलो.

आधी हसला. "गाढवा!" म्हणाला स्वतःलाच. कारण चूक साधी होती. आवाज शून्यावर आणला तरी त्याचा प्रतिध्वनी वेगळ्या वाटेने जातो. ती वाट बंद नाही केली, तर वाद्य गप्प आणि त्याचा प्रतिध्वनी चालू. नवशिके करतात हे. दात काय काढतोस? तू परवाच केलंस.

त्याने प्रतिध्वनी बंद केला. एक वाजून दहा मिनिटं. पुन्हा फाइल, पुन्हा ऐकली.

चेलो. आता जवळ.

मग त्याने अख्खी पट्टीच पुसली. मोजल्या. एक्केचाळीस. पुन्हा लावलं.

चेलो...

हेडफोन काढला.

थांबलं नाही.

खोलीत होतं ते. त्याच्या मागे. कपाट आणि खिडकीच्या मध्ये.

काय? मेहुण्याकडे खरा चेलो होता का? नव्हता रे. परवडत कुठे होता.

हा मागे वळला नाही. मान वळेचना. तेवढ्यात दार उघडलं. बहीण. अर्धवट झोपेत. "ठेवलीस ना दादा ती ओळ? किती छान वाटतंय... पण जरा हळू लाव हं, शेजारी झोपलेत."

दार लोटून गेली.

याने स्पीकरकडे पाहिलं. पिन जमिनीवर पडलेली.

घाबरला ना, घाबरणारच. पण मला नंतर स्वतः म्हणाला, "काका, भीतीपेक्षा संताप जास्त आला. मेल्यावरसुद्धा हाच पुढे? माझी बहीणसुद्धा उठून याचंच कौतुक करणार?" उठला. कपाटाकडे तोंड केलं. दात-ओठ खाऊन बोलला.

"मला नाही ऐकायचं तुझं. कळलं? कधीच नाही."

थांबलं.

सुराच्या अर्ध्यातच... थांबलं.

चार वाजून दहा मिनिटांनी याने फाइल पाठवली. खाली नाव एकच. स्वतःचं.

सिनेमा चालला. पडद्यावर नाव झळकलं. बहिणीने शेवटपर्यंत पाहिला आणि घरी गेली. त्यानंतर याच्यासाठी तिने दार उघडलेलं नाही. पण घुम्याला दुसरा सिनेमा मिळाला, मोठा. या खेपेला खरे वादक, पन्नास! पानं मीच उतरवली. पहिल्या दिवशी सकाळी दहाला हा समोर उभा राहिला, हात वर केला. काय रुबाब होता! बारा वर्षं ज्यासाठी झुरला, ते समोर बसलं होतं. मलाही भरून आलं.

चार ओळींनंतर थांबवलं. "चेलो का नाही वाजवत?"

चेलोवाले बुवा गोंधळले. "वाजवतोय की, साहेब."

"थट्टा नकोय. पुन्हा."

पुन्हा वाजलं. मी बुवांच्या शेजारीच उभा होतो. खालच्या फळ्या थरथरत होत्या, चपलेतून पायाला कळत होतं.

याने पुन्हा थांबवलं. "एकट्याने वाजवा."

बुवा एकटे वाजवायला लागले. हा खाली उतरला, अगदी जवळ आला. त्याचे कान ठणठणीत आहेत, पुढे तीन डॉक्टरांनी तपासून सांगितलं. व्हायोलिन ऐकतो, बासरी ऐकतो, पलीकडच्या खोलीत फोन वाजला तरी याला आधी कळतं.

चेलोपाशी वाकला. कान लावला. तारांवर गज फिरत होता. सगळा हॉल त्या सुराने भरला होता, आणि हा बुवांच्या तोंडाकडे बघत होता. मग हळूच तळवा टेकवला लाकडावर.



"काका..." माझ्याकडे वळून म्हणाला. "लाकूड हलतंय."