सातवा बोळा

इंजिनाची तोंडं उघडी टाकून चहाला जाणारा मेकॅनिक मी एक दिवसही कामावर ठेवणार नाही. कार्बोरेटर उतरवला की इंजिनाची हवा ओढणारी भोकं उघडी पडतात. त्यात एखादा नट घरंगळला, तर गिऱ्हाइकाच्या इंजिनाची माती होते आणि आपल्या नावाचीही. म्हणून प्रत्येक तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा आणि काढताना मोजायचा. बावीस वर्षांपूर्वी माझा एक बोळा आतच राहिला होता आणि इंजिनाने तो गिळला होता. तेव्हापासून मी बोळे फक्त पांढऱ्या बनियनचे फाडतो आणि मोठ्याने मोजतो. माझ्याबरोबर काम करणारे गोमाकाका त्यावरून मला शाळामास्तर म्हणतात. म्हणू देत.

जानेवारीच्या शेवटी पोशीरचा हर्षद त्याची गाडी दहिवलीला माझ्या गॅरेजात घेऊन आला. म्हणजे टेंपोवर लादून आणली. त्र्याहत्तर सालची जपानी डॅटसन, दोन दारांची, लांब नाकाची. घरची भातशेती, पनवेलला बरी नोकरी, आणि उरलेला जीव ह्या गाडीत. मूळ इंजिन गंजून जाम झालेलं. त्याच घराण्यातलं मोठं सहा सिलिंडरचं इंजिन त्याने कुठून तरी मिळवलं होतं, आणि दोन जुन्या कार्बोरेटरऐवजी तीन नवे, दोन-दोन तोंडांचे.

"झहीरभाई, खालापूरपर्यंत एकदा न थांबता गेली पाहिजे," तो म्हणाला. "बाकी काही नको."

इंजिन बसवायला बारा दिवस लागले. कार्बोरेटर चढवायच्या दिवशी मी बोळे काढले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्या भोकात बोटाला अजून काहीतरी लागलं. ओढलं, तर सातवा बोळा निघाला. हिरवा, बारीक फुलांचा, तळहाताएवढा. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. तेलाचा एक डाग नाही.

"गोमाकाका, हे कोणी कोंबलं?"

"मला काय ठावं? मी तुजी बनियनच फाडली व्हती."

मी चिंधी खिशात टाकली आणि कार्बोरेटर चढवून इंजिन सुरू केलं. पाच सिलिंडर गुण्यागोविंदाने चालले, सहावा चुकत राहिला. पेट्रोलचे जेट बदलले, रबरी नळी कानाला लावून प्रत्येक तोंडाचा हवेचा आवाज ऐकला, पण सहावं तोंड ताळ्यावर येईना. शेवटी पॅकिंग बदलायला तिन्ही कार्बोरेटर परत उतरवले. ह्या खेपेला गोमाकाकांना साक्षीला उभं केलं. सहा बोळे घातले, वर चिकटपट्टी लावली, सही केली. दुसऱ्या दिवशी पट्टी जशीच्या तशी होती. बोळे निघाले सात.

मी हिशोबी माणूस आहे. उंदीर, वारा, कोणाची तरी मस्करी, सगळं तपासून झालं. त्या भोकाच्या टोकाला व्हॉल्व्ह असतो आणि तो बंद होता. त्याच्या पलीकडे पिस्टन. तिथे पेला ठेवण्याइतकीही जागा नसते.

घरी माझी बायको तस्लीम सातव्या महिन्यात होती. ह्याआधी तीनदा आमच्या घरात पाळण्याची गोष्ट निघाली आणि तीनदा मिटली. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. तिन्ही वेळा जे ऐकलं तेच ह्याही वेळी ऐकायला लागू नये, ह्यापलीकडे मला आयुष्यात काही नको होतं. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. ती छताकडे बघायची आणि मी तिच्याकडे.

एका संध्याकाळी तिने माझ्या शर्टाचे खिसे उलटे केले आणि दोन्ही चिंध्या मांडीवर पसरल्या. तस्लीम अख्ख्या दहिवलीचे ब्लाउज शिवते. कापड बघितलं की तिला माणूस दिसतो.

"ह्यो कपडा कुटला?"

"गाडीतला."

"गाडीत झबलं?" तिने तुकडे जुळवले. "ही पाठ. ह्यो गळा. बगा, लाळेनं कसा विरलाय."

आमच्याकडे बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत. धडधाकट वाढलेल्या दुसऱ्या पोराचं जुनं मागून आणतात. त्याचं आयुष्य ह्याला लागावं म्हणून. तस्लीमने पहिल्या तिन्ही वेळी शेजारून झबलं मागून आणलं होतं आणि तिन्ही वेळी घडी न मोडता परत दिलं होतं. ह्या खेपेला ती कोणाच्या दारात जायला तयार नव्हती.

"ह्याच्यात कुनाचं तरी पोर वाढलंय," ती म्हणाली. "जेवडं निगंल तेवडं आना."

मला भीती वाटली, आणि ती मी लपवली. कारण किती महिन्यांनी ती छताऐवजी दुसरीकडे बघत होती.

तिसऱ्या खेपेला पुढचा भाग निघाला. चौथ्या खेपेला उजवी बाही. ती पडल्या पडल्या शिवत होती. एका दुपारी तिने मला हाक मारली. आवाज अगदी हळू.

"सुई जुन्याच भोकांतनं जातेय. आनि हितं बगा, जुना दोरा उरलाय. दोनदा फिरवून उलटी गाठ. अशी गाठ मीच मारते. कुनाला शिकवली नाय."

"तू कधी शिवलं होतंस असलं?"

"कदीच नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा सुई ओवली.

डावी बाही तेवढी राहिली.

फेब्रुवारी संपत आला होता. तस्लीमला आठवा नुकताच लागला होता. सकाळी अकराच्या सुमारास, पाचव्या खेपेला, कार्बोरेटर उतरवलेले असताना माझ्या मोठ्या बहिणीचा, नसीबाचा फोन आला.

"तस्लीमला कळा लागल्यात रं. मी तिला रिक्षानं कर्जतला नेतेय. तू नीघ."

तरीही मी बोळे मोजले. सवय. एक ते सहा. सहाव्यामागे बोटांना कापड लागलं. मी ओढलं.

ते आलं नाही.

पुन्हा ओढलं. आणि पलीकडून कोणीतरी ओढलं.

जोरात नाही. इवल्या मुठीत बोट सापडलं तर जेवढी ओढ लागते, तेवढीच.

"गोमाकाका, व्हॉल्व्ह बंद आहे ना?"

त्यांनी बॅटरी मारून बघितलं. बॅटरी हलवून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "बंद हाय. सोड ते, दवाखान्यात जा."

"सोडवत नाही."

खरंच सोडवत नव्हतं. ओढलं तर फाटेल असं वाटत होतं, सोडलं तर आत जाईल असं. मी नुसतं धरून राहिलो. गोमाकाकांनी माझा फोन बॉनेटच्या कडेला ठेवला.

फोन वाजला. नसीबा रडत होती. "बाळाचे ठोके कमी झालेत. आत नेलंय तिला."

पलीकडची ओढ सैल पडली.

मी हिशोबी माणूस आहे, हे आधी सांगितलं. तरी मी त्या लोखंडी भोकाला तोंड लावलं आणि म्हणालो, "मी इथंच हाय. धर. सोडू नको."

काही नाही.

"धर गं."

कापड ताणलं गेलं.

किती वेळ गेला ते गोमाकाकांना ठाऊक. माझी बोटं बधिर झाली. मग फोन वाजला, आणि नसीबाच्या आधी एक रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, न थांबणारं.

कापड माझ्या हातात आलं. डावी बाही. गरम होती.

हुदा पावणेदोन किलोची जन्मली आणि अठरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. घरी आली तेव्हा तस्लीमने तिला ते हिरवं झबलं घातलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो, आणि ह्यात लाजण्यासारखं काही नाही. इकडे गोमाकाकांनी कार्बोरेटर चढवले होते. सहाही सिलिंडर एका सुरात चालले. हर्षद पळसदरी, खोपोली करत खालापूरला गेला आणि न थांबता परत आला. पेढ्यांचा पुडा त्याने आधी गाडीपुढे धरला, मग माझ्यापुढे.

एप्रिलमध्ये कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या बाजूला बंगला असलेल्या एका गृहस्थांनी त्यांची जुनी जपानी गाडी पाठवली. चार सिलिंडर, चार बोळे. इंजिन अजून बाकावरच होतं. सकाळी मी बोळे काढले. पाच निघाले.

पाचवा निळ्या-पांढऱ्या चौकडीचा होता. शाळेच्या गणवेशाचा खिसा, एका बाजूने उसवलेला, कोपऱ्यात शाईचा डाग. मी तो हातात घेऊन हसत सुटलो. म्हणजे हुदा शाळेत जाणार! गोमाकाका काय झालं म्हणून विचारत राहिले. मग खिशात काहीतरी टणक लागलं.

दात होता. दुधाचा, पुढचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. मी तो रुमालात बांधला आणि दिवसभर काम केलं.

संध्याकाळी घरी गेलो. हुदा एकेचाळीस दिवसांची झाली होती. तस्लीमच्या मांडीवर तिने जांभई दिली, आणि मला तिच्या गुलाबी, कोऱ्या हिरड्या दिसल्या. मी मोरीत जाऊन रुमाल सोडला. दाताच्या मुळाशी रक्त होतं, आणि ते अजून ओलं होतं.