मोरणेवरची तार

एकोणपन्नास सालच्या वैशाखात मी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोरणेच्या काठी एका माडीवर भाड्यानं राहत होतो. शाळेत शास्त्र शिकवायचो. घरून बिनतारी संदेश पाठवायचा हौशी परवाना नुकताच हाती आला होता. खिडकीतून एरियलची तार काढून नदीपलीकडे, गोदाबाईंच्या भाजीच्या वाडीतल्या बाभळीला बांधली. आता त्या तारेचा विरोध मोजायचा आणि यंत्र तिला जुळवून घ्यायचं, एवढंच काम उरलं होतं.

तेच होईना. मोजायच्या पेटीची चकती फिरवत जायचं. हेडफोनमधली घरघर जिथं साफ विरते, तो आकडा खरा. पण गावाबाहेर शेतकी प्रदर्शनासाठी तात्पुरतं नभोवाणी केंद्र उभारलं होतं. त्यांचा निवेदक माझ्या तारेत घुसून बसायचा. घरघर विरत आली, की हा आपला सरकीचा भाव सांगतोय. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी हेडफोन भिंतीवर आपटला, आणि मग तोच दुरुस्त करत बसलो.

केंद्र दुपारी एक ते तीन बंद असे. ती वेळ धरली. बाहेर चिटपाखरू नव्हतं. नदीच्या डबक्यांतून शेवाळाचा उग्र वास येत होता. चकती फिरवली. बहात्तरवर घरघर विरली. लिहून घ्यायला वही उघडतो, तोच ती परत आली. पुन्हा शोधलं, तर एकसष्ट.

तारेला कुणी हात लावला की आकडा असा उतरतो. मी तणतणत नदीपलीकडे गेलो. गोदाबाई मांडवात वांगी निवडत होत्या.

"तारेला कोण हात लावतंय?"

"कोनीच नाई जी. मी तं इथंच हाओ."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. शेवटी वैतागून मी तार सोडायलाच गेलो.

गोदाबाई आड आल्या. "राहू द्या जी, मास्तर..."

"का?" मी विचारलं.

"दोन सालं झाली. आमचे मालक याच नदीत गेले... भर दुपारी वरून पुराचं पानी आलं. मी काठावर उभी होती. त्याइले धरायले काई भेटलं नाई..." त्या तारेकडे पाहत होत्या. "आता भेटलं असन."

मी तार तशीच ठेवून परत आलो.

पण आकडा रोज थोडा उतरतच राहिला. तार नेमकी कुठं धरली म्हणजे किती उतरेल, ते गणितानं काढता येतं. मी काढलं. पहिल्या दिवशी तो हात बाभळीपाशी होता. मग नदीच्या मध्यावर. गुरुवारी अलीकडच्या काठावर.

शनिवारी एकोणतीस आला. तीनदा हिशोब केला. तारेचा तेवढा भाग खिडकीच्या आत होता, माझ्या टेबलापासून दीड हातावर. हेडफोनमध्ये घरघर नव्हती. कुणीतरी धापा टाकत होतं...

मी हेडफोन फेकून जिन्याकडे धावलो. हे गणित मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

जिन्याच्या मधल्या पायरीवर गोदाबाई उभ्या होत्या. हातावर कोरडं, घडी घातलेलं धोतर.

"आले का जी?" त्यांनी हळूच विचारलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या मागं पाहत होत्या.