मेन कोण ओरडलं

आईनं मला चाळीतून रिकाम्या गोण्या आणायला पाठवलं होतं. ऊन चढलं होतं, जेवणं व्हायची होती, लांब कुणाच्या तरी रानात ट्रॅक्टर चालू होता. गोण्या घ्यायच्या आणि परत यायचं, एवढंच काम.

आमची कांद्याची चाळ सोनईच्या बाहेर, घराच्या मागं आहे. लांबट, दोन्ही अंगांनी बांबूच्या पट्ट्या मारलेली. कांदा विकून झाला होता, पण सडक्या कांद्याचा वास जमिनीत मुरून राहतो. चाळीच्या पुढं लिंबाखाली मोटारीची पेटी, पेटीच्या पुढं विहीर. तिन्ही एका ओळीत.

गोण्यांच्या मागं माझी शिनाई उभी होती. शिनाई म्हणजे केंडोची, जपानी तलवारबाजीची तलवार, बांबूच्या कांबी एकत्र बांधून केलेली. केंडोला मला दादानं नेलं. रविराज, माझा मोठा भाऊ. तो नगरला एमआयडीसीत कामाला होता, तिथल्या मित्रानं त्याला क्लबात नेलं आणि त्यानं मला ओढलं. शाळा मला कधी जमली नाही, सातवीतच सुटली. हे जमलं. यात एक नियम आहे. जिथं मारायचं त्या जागेचं नाव मोठ्यानं ओरडायचं. मनगटाला कोते, डोक्याला मेन. मुक्यानं मारलेलं धरत नाहीत.

निवडणुकीच्या पेट्या ठेवायला क्लबचा हॉल घेतला म्हणून सरांनी सुट्टी दिली होती. घरी सराव करा म्हणाले. दादा सुट्टीच्या दिवशी आणि मी रोज, चाळीत करायचो. बिभीषणकाका हसायचे. ते आमचे चुलते, विहीर त्यांची आमची सामाईक.

"आरं पार्थ्या, सकाळधरनं मेन मेन लावलंय. चालू करू का बंद करू, त्ये तरी सांग!"

"काका, जपानी हाय त्ये," दादा म्हणायचा. "मेन म्हंजे डोकं."

"मंग तुमचंच बंद हाय म्हना की!"

आमच्याकडं मेन म्हणजे पेटीतला मेन स्विच. दुसरा मेन कुणाला माहीत असणार?

मग एक दिवस विहिरीतली मोटार अडली. दादा वायर बघायला विहिरीत उतरला. काका मेन बंद करून पेटीपाशी बसले. दादा पाण्याबाहेर येऊन पायरीवर बसला की तो मेन म्हणून आवाज देईल, मग काका चालू करतील, असं ठरलं. मी चाळीत सराव करत होतो. उतरताना दादा मला म्हणाला, "मी वर येईस्तवर मुक्यानं मार. तोंड उगडायचं न्हाई." मी बरं म्हणालो.

काकांना मेन ऐकू आलं. त्यांनी चालू केला. दादा अजून पाण्यात होता.

मी ओरडलो नव्हतो. पोलिसांना तेच सांगितलं, आईला तेच सांगितलं. काका म्हणाले, आवाज पार्थ्याचा होता. रागानं नाही म्हणाले, हळूच म्हणाले. गावानं ते धरलं. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ताट वाढायची आणि भिंतीकडं बघत बसायची. मला रडूही येत नव्हतं. पाय झोपतो ना, तसं सगळं अंग झालं होतं. चिमटा काढला तर दिसतो, लागत नाही. फक्त एक गोष्ट आत फिरत राहायची. सवयीनं तोंडातून निघून गेलं असेल का? आपलं आपल्याला कळलं नसेल का?

गोण्या तशाच राहिल्या, शिनाई हातात कधी घेतली कळलं नाही. खुंटीला दादाचं फडकं होतं. लोखंडी जाळीचा टोप घालायच्या आधी डोक्याला बांधतात ते. त्याच्या घामाचा वास अजून होता. मी ते तोंडावर बांधलं. दात आवळले, मागं गाठ मारली, आणखी एक मारली. म्हटलं, आता बघू.

मुक्यानं मारायला लागलो. शिनाई वर, पाय पुढं, शिनाई खाली. पट्ट्यांमधून उन्हाच्या रेघा पडल्या होत्या, माझी सावली त्यांच्यात तुटत होती. पाय आपटला की धूळ उडायची. ट्रॅक्टर बंद झाला. पाखरंही गप्प झाली. कांद्याच्या वासात दुसरा वास येऊ लागला. ओला, जळकट. वायरीचा.

मी शिनाई खाली आणली आणि आवाज आला.

"मेन!"

माझाच आवाज. पण लांबून. खाली कुठंतरी घुमून वर आलेला.

मी थांबलो. जीभ टाळूला चिकटली होती. फडकं जागच्या जागी होतं. भ्यायला पाहिजे होतं, पण मला फक्त खात्री करायची होती. मी परत मारलं.

"मेन!"

बरोबर शिनाई खाली आली तेव्हाच.

मान वळवली तर बाजूलाच आई चाळीच्या दारात उभी होती. आणि पेटीकडून काका पळत येत होते, टोपी हातात, पायात चप्पल नाही. त्या दिवसापासून त्यांनी पेटीचे फ्यूज काढून घरात ठेवले होते. विहिरीकडं कुणाला फिरकू देत नव्हते.

"वयनी... हिरीत कोन हाय? हिरीतनं आवाज येतोय... ह्याचा..."

मग त्यांनी मला पाहिलं.

"ह्याचं तोंड..."

"बांधल्यालं हाय, भावजी," आई म्हणाली.

काका जवळ आले. गाठ चाचपली. दोन्ही गाठी चाचपल्या. मग तिथंच धुळीत बसले.

"म्हंजे त्या दिशी बी... ह्यो न्हवता?"

त्यांनी वर माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"पोरा, म्या साऱ्या गावाला सांगितलं रं... तुज्या आयला सांगितलं..." त्यांनी माझा पाय धरला. मी ओढून घेतला तर परत धरला. "आत्ताच जातो. पारावर जाऊन सांगतो. पार्थ्या न्हवता म्हनून सांगतो."

ते गेले. रडत, जवळजवळ पळत. माझ्या अंगात कुठंतरी मुंग्या आल्यासारखं झालं. झोपलेला पाय जागा होताना येतात तशा. मी नव्हतो. एवढंच डोक्यात होतं, मी नव्हतो. मला वाटलं, आता आई माझ्याकडं बघेल.

आईनं बघितलं. किती दिवसांनी बघितलं. माझ्या मागं येऊन तिनं गाठी सोडल्या. फडकं ओलं झालं होतं, ते तिनं घडी करून कंबरेला खोचलं. मग समोर आली.

"भावजीला जे सांगायचंय ते सांगू दे," ती म्हणाली. "तू कुनाला काय बोलू नगं."

"काय?"

"म्या दारात हुते. पयल्यापासनं." तिचा आवाज अगदी बारीक होता. "आवाज तिकडनंच आला. हिरीतनंच आला. पन..."

"पण काय, आई?"

"येत हुता तवा तुजा गळा हालत हुता."

तिनं माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. मधोमध, हाड वर येतं तिथं.

"गप ऱ्हा बरं जरा," ती म्हणाली.

मी गप्पच होतो. गळ्याबरोबर तिचं बोट खाली-वर होत होतं.