बटणं कुणी लावली?

कपड्यांच्या ढिगाला जणू पाय फुटले होते आणि तो रंगमंचामागच्या बोळातून तरातरा चालला होता. समोरून येणारा तरुण भिंतीला चिकटून उभा राहिला, पण व्हायची ती टक्कर झालीच. कोट, टोप्या, शेले जमिनीवर पसरले आणि त्यांच्या मागून एक किरकोळ मुलगी प्रकट झाली. मनगटाला टाचण्यांची उशी, कपाळाला आठी.

"तुमच्या पायाचं माप काय?" तिने विचारलं.

"लोक आधी नाव विचारतात..."

"नावाला बूट घालायचे नाहीत मला. नवे नायक ना तुम्ही? जुन्यांचे बूट तुम्हाला होणार नाहीत."

तो मनापासून हसला. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि मग — काही गरज नसताना — पुन्हा चेहऱ्याकडे.

कंपनीत तिला सगळे 'टाचणी' म्हणत. अंगाने तशी आणि जिभेनेही. तिच्या आत्याने इथला कपडेपट आयुष्यभर सांभाळला होता. गुडघे कुरकुरायला लागले तशी तिने भाचीला पुढे केलं. दिग्दर्शकांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "पहिला प्रयोग तुझा. कपड्यांमुळे नाटक अडलं, तर दुसऱ्या प्रयोगाला मी बाहेरचा माणूस आणणार."

आणि नाटक असं, की एकटा नायकच दोन्ही भाऊ करणार! धाकटा पोस्टमन, थोरला वकील. पडदा पडायचा, व्हायोलिनची एक धून वाजायची, आणि पडदा उघडला की तोच माणूस वकील होऊन टेबलामागे बसलेला हवा. तालमीत त्याची नुसती तारांबळ उडायची. एक हात बाहीत, दुसरा टोपीत, आणि तोंड अखंड चालू.

"तुम्हाला टेन्शन येतच नाही का हो?" एकदा त्याने विचारलं.

"येतं की. पण आत्या म्हणते, घाबरायला वेळ लागतो, तो आधीच तयारीत खर्च करून टाक. आणि ऐन वेळी सगळंच अंगावर आलं, तर लोकांना आधी काय दिसणार तेवढंच बघ. बाकीचं थांबतं."

"मी लोकांना दिसतो... तुम्हाला दिसतो का?"

"हलू नका. टाचणी टोचेल."

टोचली नाही, पण तिने घेतलेलंच माप पुन्हा घेतलं. त्या दिवसापासून त्याचं माप तिला जरा जास्तच वेळा घ्यावं लागलं.

पहिल्या प्रयोगाला तिने मध्यंतराआधीच सगळं मांडून ठेवलं. वकिलाचा कोट खुर्चीवर, बटणं उघडी. बुटांच्या लेस सैल. सुयांत दोरे ओवलेले. धून सुरू झाली, तो धावत विंगेत आला, तिने कोट उचलला... कोटाची बटणं गळ्यापासून खालपर्यंत लावलेली! बुटांच्या लेसना घट्ट गाठी!

"बटणं कुणी लावली?"

"मी... मध्यंतरात. तुम्ही दमलेल्या दिसलात, म्हटलं थोडी मदत..."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. व्हायोलिन काही थांबणार नव्हतं. चिडायला तिला सवड नव्हती आणि रडायला तर त्याहून नाही. लोकांना आधी काय दिसणार? टेबलामागून छातीपर्यंतचा वकील. पँट दोन्ही भावांची एकच काळी, ही तजवीज तिनेच करून ठेवली होती. राहिले बूट, ते टेबलाखाली चढवता येतील.

"वरची बटणं सोडा. डोक्यातून घाला, सदऱ्यासारखा. पळा!"

पडदा उघडला तेव्हा वकीलसाहेब नुसत्या पायमोज्यांत अशिलावर डाफरत होते आणि समोरून फळ्यांनी झाकलेल्या त्या टेबलाखाली 'टाचणी' मांडी घालून, सुईच्या टोकाने गाठी सोडवत होती. एरवी सतत ठेका धरणारा त्याचा पाय तिच्या हातात अगदी निमूट राहिला. वर तो वाक्यं लांबवत होता, सावकाश पाणी पीत होता. दुसरी गाठ सुटली, बूट चढले, तिने त्याच्या घोट्यावर थोपटलं. तो ऐटीत उठून पुढे आला आणि टाळ्या पडल्या.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक आत आले. "टेबलाखाली कोण होतं?"

"सर, चूक माझी. बटणं मी..." तो म्हणाला.

"कपडेपट माझा आहे," तिने त्याला मध्येच अडवलं. "मध्यंतरानंतर मी पुन्हा नजर टाकायला हवी होती. यापुढे टाकीन. पण नाटक अडलं नाही, सर."

दिग्दर्शक म्हणाले, "नाही अडलं. त्या बाहेरच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवतो. कपडेपट तुझाच."

ते गेले. तिला वाटलं, आपण वीतभर उंच झालो. आत्याच्या पुण्याईवर मिळालेलं काम आज तिने स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं, आणि त्याचा तिला भरभरून अभिमान वाटत होता.

तो मात्र कोपऱ्यात उभा होता, घामेजल्या कोटात.

"रागावलात?"

"खूप. माझ्या मांडलेल्या सामानाला पुन्हा हात लावाल, तर याद राखा."

"नाही लावणार. पण एक सांगू? तुम्ही खाली होतात ना, तेव्हा मला कसलीच भीती वाटली नाही. मला तुम्ही आवडता. फार... आणि हे नाटकातलं वाक्य नाही."

"आधी तो कोट काढा," ती सवयीने म्हणाली. "घामाने भिजलाय, लगेच वाळत घातला नाही तर डाग..."

ती थबकली. त्याचा हात पहिल्या बटणाशी गेला होता, तो तिने धरला आणि सोडला नाही.

"राहू दे. कोट थांबेल," ती म्हणाली. "तू बोल."