पानसाक्ष

राज्य दफ्तरखान्यात शिरताना आता तोंडाला पट्टी बांधावी आणि हातांना मोजे घालावे लागत. धूळ नाकात जाऊ नये म्हणून नव्हे. आजच्या माणसाची थुंकी कालच्या साक्षीत मिसळू नये म्हणून. कारण जुनी पुस्तकं बोलू लागली होती. आपल्याला कुणी वाचलं, ते सांगू लागली होती.

मंदाताई सापळे तिथे रोज येत. त्यांचं करंबेळ गाव डोंगर घसरून गाडलं गेलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यात त्यांची सहा वर्षांची ओवी गेली. डोंगर घसरेल असा भूवैज्ञानिकांचा अहवाल आधीच आला होता, असं गावात सगळेच म्हणत. तेव्हाचे प्रभारी अधिकारी निरगुडे चौकशीत म्हणाले होते, "असा अहवाल मी डोळ्यांनी पाहिलेला नाही." अहवालही कुठे सापडला नाही. निरगुडे बढत्या घेत, हारतुरे घेत निवृत्त झाले. मंदाताई तो प्रत्येक हार लांबून बघत आल्या होत्या.

पावसाची कोष्टकं, मासेमारीचे नियम, बांबूच्या जाती, हिवतापाचे नकाशे, सगळं त्यांनी चाळलं. शेवटी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जुने सरकारी बांधणीवाले विषय पाहत नसत, आकार पाहत. एका मापाची तीनचार पुस्तकं हाताला लागली की एकाच पुठ्ठ्यात शिवून टाकत आणि पाठीवर पहिल्याचं नाव छापत. मग मंदाताई प्रत्येक खंड शेवटच्या पानापर्यंत पाहू लागल्या. 'दुभत्या जनावरांची निगा' या खंडाच्या पोटात, म्हशींच्या खुरांचे रोग संपल्यावर, करंबेळचा डोंगर निघाला.

"अहवाल होता, हे ठरलं," दफ्तरखान्याचे शास्त्रज्ञ डॉक्टर मुजावर म्हणाले. "पण निरगुड्यांनी तो वाचला कशावरून?"

"ते तुमच्या यंत्राला विचारा. जिभेला बोट लावल्याशिवाय तो माणूस पान उलटत नसे. गावात आला तेव्हा आमच्या रेशनकार्डांनाही थुंकी चोपडून गेला!"

मुजावरांना हसू आलं. मग ते सावकाश समजावू लागले. "बोट जिभेला लावलं की तोंडातल्या पेशी त्याला चिकटतात. पेशी म्हणजे शरीराची वीट समजा. प्रत्येक विटेवर मालकाची खूण असते. पानाचा कोपरा ती शोषून घेतो. जसजशी वर्षं जातात, तसतसे त्या खुणेचे तुकडे पडतात."

"म्हणजे जितकं जुनं, तितका बारीक चुरा?"

"अगदी बरोबर. चुऱ्यावरून पान केव्हा उलटलं तेही कळतं. यालाच आम्ही पानसाक्ष म्हणतो."

"मग उभी करा की साक्षीला."

न्यायालयाच्या हुकमानं निरगुड्यांच्या थुंकीचा नमुना घेतला गेला. पानापानाच्या कोपऱ्यावर तेच निघाले, आणि तेही डोंगर घसरायच्या आधीचे. नकाशाचं पान तर त्यांनी पुन्हा पुन्हा उलटलं होतं.

पण निरगुड्यांचा वकील म्हणाला, माझे अशील तात्पुरते प्रभारी होते. जबाबदारी पदाची, वाचणाऱ्याची नव्हे. मंदाताई पेटल्या. सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्यांची घोषणा पोरासोरांच्या तोंडी बसली: "पद विचारू नका, ज्यानं वाचलं त्यानं भोगायचं!"

"ताई, राग कायद्यात घालू नका," मुजावर म्हणाले. "राग निवतो, कायदा मागे उरतो."

"माझी ओवी उरली का, डॉक्टर?"

कायदा झाला. त्याला वाचनदायित्व म्हणत: धोक्याचा इशारा जो वाचेल, तो त्याला जबाबदार. संगणकाच्या पडद्याला पानसाक्ष देता येत नाही, म्हणून इशारे कागदावरच पाठवायचे. तो जुन्या प्रकरणांनाही लागू झाला. निरगुडे दोषी ठरले, त्या निकालाच्या दिवशी मंदाताई पहिल्या बाकावर बसल्या. म्हाताऱ्या निरगुड्यांनी पाणी मागितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. पेला कलंडून ते अंगावर सांडलं तेव्हा आणखी बरं वाटलं.

पुढे यंत्र सुधारलं. थुंकीची गरज उरली नाही. पानावर पडलेला नुसता श्वास पुरू लागला. कचेऱ्यांमध्ये न उघडलेल्या पाकिटांच्या चळती लागल्या. ज्याचा श्वास कुठल्याच पानावर नाही, अशाला 'कोरा अधिकारी' म्हणत. बढती कोऱ्यांनाच मिळे.

करंबेळची वाचलेली माणसं नव्या करंबेळात राहत होती. तिथल्या शाळेमागच्या टेकडीला भेग पडली. भूवैज्ञानिक येऊन गेले, पाकीट कचेरीत आलं आणि तसंच पडून राहिलं. मंदाताई कचेरीत पोचल्या.

"या ताई, चहा घ्या," तरुण अधिकारी अदबीनं म्हणाला. "तुमच्यामुळे तर हा कायदा आला. ते पाकीट तेवढं लांब राहू द्या."

"अरे, पोरं आहेत रे त्या शाळेत! उघड ते!"

तो हलला नाही. मंदाताईंनी पाकीट फाडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. टेकडीखाली शाळा होती, सगळी वस्ती होती. माणसं ताबडतोब हलवा, असं लिहिलं होतं. अधिकाऱ्यानं नाकाला रुमाल लावून खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा. इशारा वाचणाऱ्या, मंदाकिनी सापळे."

"अहो, मी काय करणार? गाव हलवायचा अधिकार तुमचा!"

"अधिकार आमचा, जबाबदारी वाचणाऱ्याची. आणि पद विचारायचं नाही, ताई. असंच आहे ना कायद्यात?"

मंदाताई धावतच बाहेर आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर नव्या करंबेळची एक सून लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचं घर टेकडीला लागूनच होतं. मंदाताईंनी नकाशा तिच्यासमोर धरला.

"हे बघ गं, तुझं घर बघ, इथंच..."

"नको काकू! मी काही पाहिलं नाही हं," ती म्हणाली. तिनं डोळे गच्च मिटले आणि मांडीवरच्या पोरीच्या डोळ्यांवर तळहात ठेवला.