राखणीला बसलेली

भागाबाईंचा सोऱ्या परत करायला गेले होते, एवढंच. त्यांचं घर मेहरूणला माझ्या घराला लागूनच, मधे एक कंबरेएवढी भिंत. वैशाखातली दुपार. आमच्या जळगावात त्या वेळी कुत्रंसुद्धा गटाराच्या कडेला निपचित पडून असतं आणि गल्लीत पंख्यांच्या घरघरीशिवाय आवाज नसतो. सोऱ्या ओट्यावर ठेवून निघायचं, तर मी कसली निघते. त्यांचा मुलगा कुंदन लॅपटॉप घेऊन बसलेला दिसला आणि मी खुर्ची ओढली.

"काय रे, सुट्टीतही ऑफिस?"

"नाही काकू. रविवारी मेघाला पार्कात न्यायचंय, धुळे रोडवर नवीन झालंय ना, तिथे. आधीच सगळं बघून ठेवतोय."

उपग्रहाचा नकाशा होता. वरून सगळं दिसत होतं. निळ्या पाण्याचं तळं, वेटोळं घातलेल्या सापांसारख्या घसरगुंड्या, मोठा पाळणा. गाडी कुठे लावायची, सावली कुठे, संडास कुठे, तो बोटाने रस्ते आखत होता. बायको माहेरी चाळीसगावला, ती तिकडूनच परस्पर येणार होती.

"पोरीला फिरवायला निघालास की लढाईला?" मी म्हटलं. तो हसला.

मेघा त्यांची एकुलती एक, सात वर्षांची. पार्कासाठी आणलेला पिवळा फ्रॉक सकाळपासून घालून बसली होती. आजीने तिला गच्चीवर कुरडयांच्या राखणीला बसवलं होतं, हातात काठी, डोक्यावर छत्री. राखणीला बसलेल्या पोराने हाक आल्याशिवाय उठायचं नाही, ही आमच्याकडची रीतच.

"त्या तळ्याच्या काठाला ते पांढरं काय रे?"

"ताडपत्री असेल."

"नेसायचं पातळ आहे ते. कुणीतरी कुरडया घातल्यात. आणि हा काळा ठिपका बघ, पोर बसवलंय राखणीला."

"पार्कात कुरडया, काकू?" त्याने थट्टेनेच जुने फोटो काढले. पार्क होण्याआधीचं काळं वावर आलं, मधे विहीर. विहिरीच्या काठाला तेच पांढरं, शेजारी तोच ठिपका. आणखी मागे गेला. तिथेच. कुंदनचा हात थांबला. खोलीत कुठूनतरी शेवाळलेल्या पाण्याचा वास येत होता.

मला राहवलं नाही. पोर उन्हात दिसलं की माझ्या तोंडून जातंच. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ऊठ गं बाई, ये घरी. किती वेळ बसशील..."

"काय बोलनी तू?"

दारात भागाबाई उभ्या होत्या. स्क्रीनकडे बघत होत्या.

"ते आमनं वावर शे," त्या हळूच म्हणाल्या. "पारोळाना पुढे. मनी धाकली बहीन तठे राखनले बसाडेल व्हती. सांजले कुरडया व्हत्या... पोर नव्हती." त्यांनी स्क्रीनवरच्या पातळावर बोट ठेवलं. "तिले कोनी ऊठच म्हनं नही."

"आई, काहीतरीच काय," कुंदन म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. पांढरं पातळ तिथेच होतं. ठिपका नव्हता.

गच्चीच्या जिन्यावर पैंजण वाजले. मेघाला कुणीच हाक मारली नव्हती.

ती दारात आली. पिवळा फ्रॉक, केस कोरडे. मी दंडाला हात लावला, तर माठासारखा गार. एवढ्या उन्हातून आलेली पोर. बापाकडे न बघता ती भागाबाईंपाशी गेली आणि त्यांचा पदर धरला.

"अक्का, माले भूक लागनी."

इंग्रजी शाळेतली पोर ती. अहिराणीचा एक शब्द तिला येत नव्हता, आणि भागाबाईंना ती आजी म्हणायची.

भागाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग ताट वाढायला घेतलं.

रविवारचं जाणं राहिलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मेघाची आई चाळीसगावहून धावत आली, पण पोर तिच्याजवळ झोपेना. परक्या बाईकडे बघावं तशी बघते. आई रात्रभर रडते, भिंतीपलीकडे मला ऐकू येतं.

एका दुपारी मी भागाबाईंना गाठलं. त्या पोरीची वेणी घालत होत्या.

"भागाबाई, त्या नकाशाकडे बघून मेघाच्या नावाने हाक मारू का? येईल परत."

"मारशी तं ही जाई," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "जनमभर वाट दखी मी इनी."

"आणि मेघा?"

फणी चालत राहिली. पोर मात्र माझ्याकडे बघत होती.

घरी येऊन मी फोनवर तो नकाशा काढला. पातळाशेजारी ठिपका परत आलाय. कुंदन म्हणतो, फोटो जुना आहे, तो कसा बदलेल? असेल जुना. पण ठिपका आता पिवळा आहे. आणि काल पातळापाशी होता, तो आज पाण्याकडे सरकलाय.

मी दार लावून घेतलं. फोन समोर धरला, हाक मारायला तोंड उघडलं.

भिंतीपलीकडे पैंजण वाजले, भिंतीपर्यंत आले, आणि तिथेच थांबले.