पंचवीसशे वीस, आणि एक

टक्! बटण फरशीवर पडलं, भिंगरीसारखं फिरलं आणि थांबलं. तिनं श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. चिमणीनं कूस बदलली, अंगठा पुन्हा तोंडात गेला. वाचले! दुपारचा हा तासभरच काय तो तिच्या हक्काचा.

समोर कारखान्यातून आणलेला ट्रे होता. तिथं प्रत्येक ट्रेत पंचवीसशे वीस बटणं भरत, ती काही उगीच नाही. दोनापासून दहापर्यंत कुठल्याही आकड्यानं पुरता भाग जाणारी सगळ्यांत लहान संख्या तीच. गिऱ्हाइकानं सहाची पाकिटं मागू दे की नवाची, मागं काही उरत नाही.

तिच्या ट्रेत मात्र एक उरत होतं.

मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पोर झाल्यापासून तुझं लक्ष ठिकाणावर नाही. अगं, एकच तर आहे! दे भिरकावून आणि कर सही. बाकीच्या नाही करत?"

"बाकीच्यांचं बाकीच्या बघतील. उरलंय ते उरलंय. डोळ्यांदेखत नाही कसं म्हणू?"

"मग घरी नेऊन मोज. सोमवारी ट्रे बरोबर भरला तर ये, नाहीतर येऊच नकोस."

काल तिनं साताचे ढीग लावले होते. एक उरलं. नवाचे लावले. एकच. म्हणजे पंचवीसशे एकवीस! ती तर मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कुणालाच दाद न देणारी. क्षणभर तिला त्या आकड्याचं कौतुकच वाटलं. आपल्याच जातकुळीचा दिसतोय.

आज तिनं ते जादा बटण निरखून पाहिलं. पांढरं, कडेचा टवका उडालेला. हाताला मात्र कोमट, जणू आत्ताच कुणी मुठीतून सोडलेलं. ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तिनं आठाचे ढीग मांडले.

एक उरलं.

टवका उडालेलं.

कट्टा रिकामा होता.

मानेवर काटा आला, पण त्याहून जास्त तिला राग आला. "असं काय?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "जागाच पाहिजे ना तुला? देते."

चिमणीच्या फ्रॉकचं गळ्याजवळचं बटण कधीचं तुटलं होतं. पोर झोपेत असतानाच तिनं ते तिथं शिवलं. दुहेरी दोरा, पक्की गाठ. "ये आता सुटून!"

मग मोजणीच्या खाचांच्या फळीवर, एकेका खाचेत दहा-दहा लावत गेली. शेवटची खाच. आठ, नऊ, दहा.

ट्रे रिकामा. मागं काही नाही.

तिनं आवाज न करता मूठ हवेत उडवली. ये म्हणावं मुकादमाला मोजायला!

पलंग करकरला.

चिमणी उठून बसली होती. वीसच्या पुढं मोजता न येणारी ती पोर गळ्याखालचं बटण चाचपत भरलेल्या फळीकडे एकटक बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मीच उरले का गं?"